‘मार’ म्हणाला होतात, सर

सर, तुमच्या सरणापाशी मारामारी झाली. शोकसभेत हे कुणी बोलणार नाही, म्हणून मी सांगतो. पहिला ठोसा माझा. तो बापूच्या जबड्यावर बसला आणि तुमचा बापू, तुमचा लाडका कॅप्टन, हातातल्या शिकाळ्यासकट वाळूत आडवा झाला. मडकं फुटलं, निखारे सांडले, आपल्या जुन्या टीममधली चार दांडगी माणसं माझ्या अंगावर आली आणि कॉलेजच्या दोन पोरी त्यांच्या पाठीवर चढल्या. भटजी आपलं सामान उचलून घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत, पेन नीट धरवत नाही, तरी लिहितोय.

आता तुम्ही विचारणार, "भिताडा, सुरुवात कुनी केली?" तुमचा पहिला प्रश्न कायम हाच. आणि उत्तर ऐकायच्या आधी दोघांनाही एकेक ठेवून द्यायची तुमची पद्धत. मी फुटबॉलमध्ये स्टॉपर म्हणून खेळायचो, दांडगा होतो, म्हणून तुम्ही मला भिताड म्हणायचात. आज माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, गिऱ्हाइकं मला शेठ म्हणतात, पण तुम्ही दुकानापुढून जाताना "काय रं भिताडा" म्हणालात की मी स्टूल सोडून उभा राहायचो. गिऱ्हाईक बघत राहायचं.

तर सुरुवात तुम्हीच केलीत, सर. फार वर्षांपूर्वी.

लोकांचा राग नाकावर असतो, तुमचा हातात होता. पास चुकला की चापट. पळायला कमी पडला की पोटरीवर फोक. जिंकून हसत हसत बाहेर आला तर पाठीत धपाटा, कारण अजून एक गोल व्हायला पाहिजे होता. तुम्ही खर्ड्याकडचे, कोरड्या मुलखातले. आमच्या प्रवरेच्या पट्ट्यातल्या पोरांकडे बघून तुमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तुमी समदे उसावानी वाढलेत. नुस्तं पानी. जरा दाबलं की रस," असं म्हणून तुम्ही आम्हाला चिखलात लोळवायचात.

पहिल्याच हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांनी आपलं कॉलेजचं मैदान धरलं होतं, आठवतंय? कारखान्यापुढं रांग लागली की ड्रायव्हर सरळ मैदानात ट्रॅक्टर घालायचे. आम्ही सकाळी फक्कीच्या रेषा मारायच्या आणि दुपारी त्यावरून चाकं जायची. तुम्ही एका ड्रायव्हरला सांगितलं, त्यानं वरूनच शिवी हासडली. तुम्ही त्याला कॉलर धरून खाली ओढला आणि गोलपोस्टाला टेकवून हाणला. संध्याकाळी सगळे ड्रायव्हर लोखंडी टॉम्या घेऊन आले, आम्ही विटा घेऊन उभे. तुमची भुवई फुटली, बापूचं मनगट गेलं, माझ्या पाठीत टॉमी बसली ती अजून थंडीत ठणकते. पण त्यानंतर एकाही ट्रॅक्टरची ती रेष ओलांडायची टाप झाली नाही. गावात पोलीस पाटलानं विचारलं तेव्हा सगळ्यांनी मिळून सांगितलं, प्रॅक्टिसमध्ये लागलं. आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि तो टेम्पो. परक्या मैदानात जिंकून परत निघालो होतो आणि त्यांच्या पोरांनी दगड चालवले. तुम्ही ओरडलात, "आडवे व्हा, एक डोकं वर दिसलं तर मीच फोडीन." आम्ही एकमेकांवर पालथे पडलो आणि तुम्ही मागच्या फाळक्याकडे पाठ करून उभे राहिलात, रस्ता संपेपर्यंत. पाठीवर दगड आपटल्याचे आवाज आम्ही खाली पडून ऐकले. हायवेला लागल्यावर बघितलं तर तुमचा शर्ट मागून लाल झाला होता, आणि तुम्ही मला विचारत होता की दुसऱ्या हाफमध्ये मी त्यांच्या अकरा नंबरला मोकळा का सोडला. त्या टेम्पोतून उतरलो तेव्हा आम्ही तुमचे झालो होतो. पुढे तुम्ही आमचं काहीही केलं असतं तरी चाललं असतं, आणि तुम्ही केलंही.

त्याच मोसमात नगरला तुम्ही माझा कान फोडलात.

मॅच बरोबरीत होती, हाफ टाइमला मी दमून खाली बसलो. बसायचं नाही असा तुमचा नियम होता. "ऊठ" म्हणालात, मी "एक मिनिट, सर" म्हणालो. मग फक्त आवाज आठवतो, टायर फुटल्यासारखा, आणि त्यानंतर त्या बाजूला काहीच नाही. मी तसाच दुसरा हाफ खेळलो. डावीकडून कोण ओरडतंय कळत नव्हतं, नुसतं बघून खेळलो, आणि गोल होऊ दिला नाही. संध्याकाळी कानातून रक्त आलं तेव्हा तुम्ही मला तुमच्या मोटारसायकलवर पुढे बसवून दवाखान्यात नेलंत, मागे बसलो तर पडेन म्हणून. डॉक्टर म्हणाले, पडदा गेला. तुम्ही बाहेर जाऊन दवाखान्याच्या भिंतीवर मुठी आपटल्यात. मी ते खिडकीतून बघितलं, आणि खरं सांगतो, मला तुमचीच दया आली.

दोन दिवसांनी माझे वडील, अण्णा, मैदानावर आले. ऊस तोडायचा कोयता हातात. आम्ही सगळे तुमच्याभोवती कडं करून उभे राहिलो आणि सगळ्यात पुढं मी, कानात कापूस घातलेला.

"व्हय बाजूला," अण्णा म्हणाले.

"न्हाई, अण्णा."

"रगात आलंय उशीवर. कान फोडला त्यानं तुझा, आन् त्याच्याच म्होरं हुबा ऱ्हातो?"

"बॉल लागला, अण्णा."

"बॉलला पाच बोटं असत्यात व्हय?"

माझ्या गालावर वळ होते. तुम्ही आमचं कडं फोडून बाहेर आलात, अण्णांच्या पुढ्यात उभे राहिलात आणि म्हणालात, "मारा. चूक माझी हाय." अण्णांनी तुमच्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी कोयता तिथंच टाकला, म्हणाले, "पोरगं आता तुमालाच ठिवा," आणि चालत घरी गेले. पुढं कितीतरी महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं फार काही वाटलं नाही, कारण माझ्याकडे तुम्ही होता, बापू होता, टीम होती आणि रविवारी तुमच्या घरी काकूंच्या हातचं जेवण होतं. आठवडाभर मार खायचा आणि रविवारी तुमच्या ओट्यावर पंगत. काकू वाढायच्या, तुम्ही "त्याला अजून वाढ, त्याला आज लई हाणलाय" म्हणायचात आणि आम्ही हसायचो. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. आम्हीच आहोत असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षीच्या धुळवडीला तुम्ही सगळ्यांना मैदानात बोलावलंत. तुम्ही मधल्या वर्तुळात बनियनवर उभे. म्हणालात, "वर्षभर मी ज्याला ज्याला मारलं, त्यानं आज मला एक मारायची. पायजे तेवढ्या जोरात. उट्टं काढून घ्या, मनात ठिऊ नका. भिताडा, पयला तू."

मी आलो. तुम्ही गाल पुढे केलात, डोळे मिटलेत. अण्णांच्या कोयत्यापुढे सुद्धा तुम्ही डोळे मिटले नव्हते. मी मूठभर गुलाल तुमच्या छातीला लावला आणि पाया पडलो. तुम्ही म्हणालात, "मार." मी परत पाया पडलो. "मार म्हनतो ना," तुमचा आवाज चिरकला होता. मागून बापू आला, त्यानंही गुलाल लावला, पाया पडला. मग सगळे. तुम्ही प्रत्येकाला मार म्हणालात आणि प्रत्येकजण वाकला. आम्हाला वाटलं, काय माणूस आहे. त्या दिवशी आपण एकमेकांना मिठ्या मारून रडलो आणि गावभर सांगत सुटलो.

मग ती रीतच पडली. दरवर्षी धुळवडीला नवी पोरं, जुनी पोरं, पुण्या-मुंबईला नोकऱ्या करणारे, पोट सुटलेले, सगळे यायचे. सर मार म्हणणार, आपण पाया पडणार. कुणी आपली बायको घेऊन यायचा, बघ म्हणायचा, असा गुरू असतो. एखाद्या नव्या पोरानं नुसता हात वर केला असता तर आम्ही त्याचा हात उपटला असता.

मग माझी लेक ऋतुजा तुमच्याच कॉलेजात आली.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना तुम्हाला मुलींची टीम काढायची हुक्की आली. ऋतू पहिल्याच दिवशी हाफ पँट घालून मैदानात हजर. मीच तिला तुमच्या गोष्टी सांगून वाढवली होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? ती तुमच्यावर जीव टाकायची. घरी ताटावर बसून तुमची नक्कल करायची, अगदी तुमच्यासारखी नाक शिंकरून. आणि एक दिवस तिच्या मानेवर वळ दिसले.

तुमच्या ओट्यावर झालेलं ते भांडण अजून माझ्या डोक्यात चालू आहे, सर. ते संपलं नाही. मी म्हणालो, पोरीवर हात टाकायचा नाही. तुम्ही म्हणालात, "पोरांइतकं शिकवतो म्हनून पोरांइतकं मारतो. तिला कमी मारू? म्हंजी कमी शिकवू?" मी म्हणालो, मारल्याशिवाय शिकवता येत नाही का तुम्हाला. तुमचे डोळे तांबडे झाले. "तुझा कान गेला त्या दिशी तू भिताड झालास. इचार सोताला. त्या हाफमधी एक बॉल गेला का तुझ्यावरून?" नव्हता गेला. तेच तर माझं दुखणं आहे. मी त्यानंतर तसा कधी खेळलो नाही, आणि तुम्हाला वाटलं ते तुमच्या हातामुळे, आणि मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटत आलं. पण मी आज पंपाची मोटार एका कानानं तपासतो, बायको डाव्या बाजूला झोपून काय बोलते ते मला कधीच ऐकू येत नाही, आणि ऋतू लहान असताना डाव्या खांद्यावर घेतली की ती काय कुजबुजायची तेही गेलं ते गेलंच. हे सगळं मला त्या ओट्यावर सुचलं नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि आपण दोघं चहा प्यालो.

मी घरी येऊन ऋतूला म्हणालो, खेळ बंद. ती म्हणाली, "पप्पा, मला खेळायचंय आणि सरांकडेच खेळायचंय. पण तुम्ही एक सांगा. धुळवडीला तुम्ही का नाही मारलं?"

"तशी रीत नव्हती."

"रीत तर मारायचीच होती ना?"

मी जेवण टाकून बाहेर गेलो.

पुढची धुळवड. तुम्ही बनियनवर, पांढरी छाती गुलालानं भरलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बापूचं पाया पडून झालं, माझंही झालं. ऋतूची पाळी आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. गुलाल नव्हता. "मार," तुम्ही म्हणालात, सवयीनं, अर्धवट हसत. तिनं पाय रोवले, पेनल्टी घेताना रोवते तसे, आणि उजव्या हातानं जी दिली, सर, ती मला दोन्ही कानांनी ऐकू आली असं वाटलं. तुमचा चष्मा उडाला. ओठ फुटला. तुम्ही एका गुडघ्यावर आलात.

बापूनं झेप घेऊन तिची वेणी धरली आणि तिला मागे खेचली. मी बापूला धरलं. कुणीतरी मला लाथ घातली. आणि तुम्ही उठलात, तोंडातून रक्त, आणि ओरडलात, "सोड तिला, बापू." बापू सोडेना. तुम्ही त्याच्यावर हात उगारलात. तो हात वरच राहिला. तुम्ही त्या हाताकडे बघितलंत, जसं काही दुसऱ्याच कुणाचा होता, आणि सावकाश खाली घेतलात. मग चष्मा शोधायला लागलात. ऋतूनंच तो गवतातून काढून तुमच्या हातात दिला.

त्या दिवसानंतर तुम्ही कुणावर हात उचलला नाही. आरडाओरडा तोच, बाटल्यांना लाथा त्याच, पण माणसावर हात नाही. ऋतूला तुम्ही पहिल्यापेक्षा जास्त पळवलंत, सगळ्यात शेवटी मैदानातून तीच बाहेर यायची, आणि तुम्ही दोघं सायकलस्टँडपर्यंत भांडत यायचात. जुन्या पोरांना हे बघवेना. त्यांनी धुळवडीला येणं सोडलं. बापू आता एका शाळेत फुटबॉल शिकवतो आणि पोरांच्या कानशिलात देताना "हा वाबळे सरांचा हात हाय" असं अभिमानानं सांगतो. तो सगळ्यांना सांगत फिरला की वाघ होता, हिनं शेळी केली, आता सर फार दिवस काढत नाहीत. आणि तुम्ही दोन वर्षांत खरंच गेलात, सकाळी दाढी करता करता. बापूचा शब्द खरा ठरला. त्यामुळे तो घाटावर आला तोच पेटून.

पण बापूवर अन्याय नको. तुम्हाला आंघोळ त्यानं घातली. एकट्यानं. कुणाला हात लावू दिला नाही. त्याचे वडील नाहीत, तुम्हाला मुलगा नाही, म्हणून शिकाळं त्यानं धरलं आणि घरापासून नदीपर्यंत पुढे चालला तो हुंदके देत. बापूसारखं तुमच्यावर कुणी प्रेम केलं नसेल. मीसुद्धा नाही.

तुम्हाला सरणावर ठेवलं आणि एकेक जण पाणी पाजायला पुढे यायला लागला. ऋतू आली, मागे तिच्या टीममधल्या पोरी. बापू आडवा आला.

"तू न्हाई. तू मागं हो."

"काका, फक्त पाणी," ऋतू म्हणाली.

"तूच मारलं त्यान्ला. दोन वर्सांमागंच मारलं. आज आमी नुस्तं जाळतोय," बापू म्हणाला आणि त्यानं तिला छातीला हात लावून ढकलली. ती तुमच्या लाकडांवर पडली.

मग मी मारलं. पुढचं वर लिहिलंच आहे. मी बापूच्या छातीवर बसलो होतो आणि तो खालून माझा गळा आवळत होता, दोन म्हातारे होत आलेले स्टॉपर आणि कॅप्टन, तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर. तेव्हा काकूंचा आवाज आला. त्या पायरीवर बसल्या होत्या. ओरडल्या नाहीत. रविवारी पंगतीत "भाकरी घ्या रे" म्हणायच्या तेवढ्याच आवाजात बोलल्या.

"बापू, येऊ दी तिला. तिनं मारल्यापसून माझ्या घरात ताट भिंतीवर गेलं न्हाई. माझा दंड कुनी पिरगाळला न्हाई. दोन वर्सं मी सुखानं घास खाल्ला. तिला येऊ दी."

सर, त्या वेळी घाटावर आपल्या टीमचे किती जण असतील. सगळेच. कुणाला तोंड वर करता येईना. आम्ही वर्षानुवर्षं तुमच्या ओट्यावर जेवलो, आणि ज्या ताटांत जेवलो त्यांच्या कडा चेपलेल्या होत्या, बुडाला पोचे होते. आमटी एका बाजूला जमायची. आम्हाला वाटायचं भांडी जुनी आहेत. टॉम्या खाणारे, दगड खाणारे, तुमच्यासाठी बापाच्या कोयत्यापुढे उभे राहणारे आम्ही, आणि एकालाही कधी काकूंना विचारावंसं वाटलं नाही. तुमचा राग आम्ही आमची खासगी मिळकत समजत होतो. तो मैदानावर संपतो असं आम्ही कशावरून ठरवलं होतं?

मी बापूच्या अंगावरून उठलो. काकू पुढे म्हणाल्या, "अग्नी बी तीच दील."

बापू बसल्या जागी, तोंड पुसत, अगदी हळू म्हणाला, "काकू, हिचा बाप जिता हाय. बाप जिता असताना परक्याला अग्नी देत न्हाईत. बापाला लागतं."

भटजींनी मान हलवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि सर, मी घाबरलो. हे असलं मी मानत नाही असं मी दुकानात बसून शंभरदा बोललोय, पण तिथं, त्या लाकडांसमोर, मी एक पाऊल मागे सरलो. मरणाची नव्हती ती भीती. मला एकदम अण्णा दिसले, रिकाम्या हातानं मैदानातून परत जाताना. आपलं लेकरू दुसऱ्या माणसाच्या बाजूला उभं आहे आणि आपण त्याला बोलवायचं की नाही, हे ठरवताना माणसाला काय होतं ते मला तेव्हा कळलं. ऋतू माझ्याकडे बघत होती. ती हो म्हणा असं सांगत नव्हती, नाही म्हणा असंही नाही. तिच्या कोपराला खरचटलं होतं.

"जिता हाय," मी म्हणालो. "पर माझी ना न्हाई."

बापूनं निखारे गोळा करून फुटक्या खापरात भरले. स्वतःच्या हातांनी, चटके बसत असताना. ते खापर त्यानं ऋतूच्या हातात दिलं नाही, खाली ठेवलं, आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. तिनं ते उचललं. तुम्हाला अग्नी देताना ती रडली नाही, पण एकदा म्हणाली, "सर, उठा आता." तुम्ही जमिनीवर पडलेल्या खेळाडूला म्हणायचात तसं. बापूचे खांदे गदागदा हलायला लागले. मी त्याच्याजवळ गेलो नाही. अजून गेलेलो नाही.

कॉलेजनं मैदानाला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय, पाटीवर ‘शिस्तप्रिय’ असा शब्द टाकणार आहेत. मला बोलायला सांगितलंय. काय बोलू? माझं तुमच्यावर प्रेम आहे. तुमच्या पाठीवर पडलेले दगड मी विसरू शकत नाही. आणि काकूंचा दंडही आता विसरू शकत नाही. यातलं एक धरून दुसरं सोडायचं, ते मला जमत नाही, आणि हे मला तुमच्याशीच भांडायचं होतं, तुमच्याच ओट्यावर बसून, कप फुटेपर्यंत. तुम्ही गेलात ते माझ्या मते फार लवकर गेलात. वयानं नव्हे.

घाटावरून आल्यावर कडू घास म्हणून माझ्या घरचं पिठलं-भाकरी घेऊन मी आणि ऋतू काकूंकडे गेलो. काकूंनी त्याच ताटांत आम्हाला वाढलं. ऋतू ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होती. काकू स्वयंपाकघरात गेल्या तसा मी मागोमाग गेलो आणि विचारलं.

"काकू, सर दर धुळवडीला आमच्यापुढं उभे राहायचे. मारा म्हणायचे. तुमच्यापुढं कधी उभे राहिले का?"

त्या भांडी आवरत होत्या.

"ऱ्हायले की. ह्याच सालच्या धुळवडीला. मैदानाकडं जायच्या आधी, सकाळी आंघुळ करून बनियनवर आले आन् गॅसपुढं हुबे ऱ्हायले. डोळे झाकलेले. म्हनले, मार."

"मग?"

"मग काय," काकू म्हणाल्या. "म्हनलं, बाजूला व्हा. दूध उतू चाललंय."